दाताळ्याच्या अंतरावरून

मंगळवार, १६ जुलै

खत-बियाण्यांच्या दुकानातून दर वर्षी फुकट मिळणारी ही डायरी आजवर मी वाटाणा कधी पेरला, बटाटे कधी काढले एवढंच लिहायला वापरली. आज दुसरं काही लिहितेय, कारण आनंद झालाय आणि सांगायला घरात मांजराशिवाय कोणी नाही.

आमच्या चर्चची उत्तरेची ओवरी बहुतेक पाडावी लागणार.

सकाळी ह्यू आला होता, आमचा आर्किटेक्ट. पाच वर्षांनी एकदा येतो, शिडी लावतो, पन्हळीत डोकावतो, भिंतीवर थापट्या मारतो आणि मग एक अहवाल पाठवतो, तो वाचून सगळ्यांची झोप उडते. चर्चची देखभाल बघणारी वॉर्डन म्हणून त्याच्यामागे किल्ल्या घेऊन फिरायचं काम माझं. ओवरीत दोन खिडक्यांच्या मधे तो थांबला आणि भिंतीतल्या फटीत त्यानं हात घातला.

"फ्रीडाबाई, मागच्या वेळी इथे माझं नख जात होतं. आज बोटं जातायत."

मग म्हणाला की भिंत बाहेरच्या बाजूला कलतेय. दोनच वाटा आहेत. एक तर बाहेरून भक्कम टेकू द्यायचे आणि पुढे कायमचा दगडी धिरा बांधायचा. नाहीतर ओवरीच उतरवायची, आतल्या खांबांमधल्या कमानी बुजवायच्या आणि चर्च पुन्हा जुन्या मापाचं करायचं. "ओवरी तशी अलीकडचीच आहे," तो म्हणाला. दीडशे वर्षांपूर्वीची वस्तू या माणसाला अलीकडची वाटते, पण आज मला त्याचा राग आला नाही.

मी तोंड गंभीर ठेवलं. वॉर्डनला शोभेल असं 'अरेरे'सुद्धा म्हटलं. घरी येऊन किटली चढवली आणि चहा करायचाच विसरले. पुन्हा चढवली, पुन्हा विसरले.

गुरुवार, १८ जुलै

बातमी डॉटच्या दुकानात पोचलीच. डॉट वाइल्डगूज म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि आमच्या एल्डरलो गावचं टपाल, किराणा व चहाड्या यांची प्रमुख.

"काय गं, नाचत नाहीस? चार पिढ्यांचं भांडण ह्यूच्या टॉर्चनं निकालात काढलं की."

"मी कशाला नाचू?"

"मग पाव घ्यायला आलीस आणि कुत्र्याची बिस्किटं घेऊन कुठं चाललीस? तुझ्याकडे कुत्रा नाही."

बिस्किटं परत ठेवली. माझ्यामागे ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याला आमची, म्हणजे ग्रॅटन घराण्याची, बाजू कळावी, म्हणून लिहून ठेवते.

आमचं सेंट गाइल्स मुळात छोटं. एक लांबट दालन, पुढे वेदीची जागा, दक्षिणेला गोल कमानीचं दार. मग लोकांना मनोरा हवासा झाला. तो अर्ध्यावर असताना महामारी आली, गवंडीच मेले, म्हणून आमचा मनोरा बुटका राहिला आणि त्यावर टोपी बसवून वेळ मारून नेली. नंतर कोणीतरी पोर्च बांधला. दक्षिणेला ऊन असतं, तिकडे ऐपतवाल्यांची थडगी. उत्तरेला सावली, ओल, शेवाळ आणि ग्रॅटन. आमची सगळी माणसं त्या भिंतीलगत पुरलेली.

मग ओढ्यावर कापडाची गिरणी आली, गाव फुगलं, बाक पुरेनात. तेव्हा गिरणीचा मालक जोसाया फर्न यानं उत्तरेची भिंत फोडून कमानी काढल्या आणि पलीकडे ओवरी बांधली. आमच्या थडग्यांवर. त्याच वर्षी माझे खापरपणजोबा एबल ग्रॅटन यांनी त्याच्या गिरणीत संप केला होता, त्यांची बायको नुकतीच तिथे पुरलेली होती. हाडं पाट्यांत भरून ओढ्यात फेकली, असं माझे आजोबा जेवताना सांगायचे. आजी म्हणायची, जेवताना नको.

तेव्हापासून ग्रॅटन फर्नांना हात देत नाहीत. एरवी ठीक आहे, पण आमच्या गावात कव असते. सेंट गाइल्सच्या सणाला सगळा गाव हातात हात घालून चर्चला कवेत घेतो, तोंडं भिंतीकडे. प्रत्येक घराची जागा ठरलेली, बापजाद्यांपासून. आणि ग्रॅटनांच्या शेजारी कोण, तर ओवरी ज्यांनी बांधली ते. मग तोडगा निघाला. ग्रॅटन आणि फर्न यांच्यामधे पाला ओढायचं लाकडी दाताळं आडवं धरायचं. एक टोक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. पाव्हण्यांना हसू येतं. आम्हाला येत नाही.

आता ग्रॅटनांतली मी उरलेय आणि फर्नांतला लॉरेन्स. दाताळं आहेच.

रविवार, २१ जुलै

प्रार्थनेला मोजकीच डोकी. लॉरेन्स त्या फटीखालीच बसला, नेहमीच्या बाकावर, शेजारी गळतीची बादली. इतकी वर्षं तो तिथेच का बसतो देव जाणे, पुढे कोरडे बाक आहेत. मी तिकडे कधी बघत नाही. त्याचा निळा स्वेटर डाव्या कोपरावर विरलाय आणि त्यानं तो हिरव्या लोकरीनं रफू केलाय. हिरव्या. माणसाला रंग तरी कळावा.

नंतर इमोजेनबाईंनी मला पोर्चमधे गाठलं. आमच्या पाद्रीण. सात गावांची सात चर्चं त्यांच्या गळ्यात, त्यामुळे झग्याखाली कायम पळायचे बूट.

"फ्रीडाबाई, यंदा कव पुरी होईल का हो? मागच्या वर्षी पायवाटेवरून चाललेले लोक ओढून आणले होते तुम्ही."

"ओढून नाही. विनंती केली."

"एकाचं सँडविच खाली पडलं."

मी म्हटलं, काळजी करू नका, ओवरी गेली की वर्तुळ आखडेल, पुढच्या वर्षापासून आहेत त्या माणसांत सहज भागेल. बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी मान वर केली.

"म्हणजे माणसं कमी झाली म्हणून चर्च कापायचं?"

"वाढली तेव्हा वाढवलंच होतं ना?"

उत्तर चोख होतं. तरी दुपारभर अस्वस्थ वाटत राहिलं. बाग खुरपली, मग खुरपलेलीच पुन्हा खुरपली. कव आजवर कधी अर्धी राहिलेली नाही. लढाईच्या वर्षांतसुद्धा बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी पुरी केली. माझ्या कारकिर्दीत तुटली तर मी गावात तोंड कसं दाखवू, हा विचार काही केल्या जात नाही.

गुरुवार, २५ जुलै

चर्चची किल्ली तपासायला गेले (तपासायचं काही नव्हतं) तर लॉरेन्स ओवरीच्या पन्हळीतला पाला काढत होता. शिडीवरून म्हणाला, "सभेत पाडायच्या बाजूनं हात वर करणार ना?"

"करणार."

"बरं."

एवढंच. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं वाटलं असतं, सगळी उत्तरं तयार होती. मी म्हटलं, "तुझ्या पणज्याची ओवरी आहे, तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. पण तुझं वाटणं माझ्यापेक्षा जुनं आहे." मग म्हणाला, "जरा शिडी धरतेस?"

धरली. वॉर्डन म्हणूनच धरली. पडला असता तर सगळे कागद मलाच भरावे लागले असते. त्याच्या गमबुटाला भोक आहे.

घरी येताना दाताळं आठवलं. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यानं त्याचा दांडा घासून अगदी गुळगुळीत केला होता आणि माझ्या टोकाला मऊ चामड्याची पट्टी गुंडाळली होती. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, सहज, कुसळं निघत होती. स्वतःच्या टोकाला मात्र गुंडाळली नव्हती. चामडं कमी पडलं असेल.

मंगळवार, ६ ऑगस्ट

चर्चच्या मंडळाची सभा. ओवरी पाडायची की राखायची. मी छान तयारी करून गेले होते. पण ह्यू म्हणाला, आधी भिंतीच्या पायथ्याशी एक खड्डा खणून पाया बघू द्या, भिंत का खचतेय ते कळल्याशिवाय बिशपच्या कचेरीतून कसलीच परवानगी मिळणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "खणा, खणा. आमची जी काही हाडं ओढ्यात जायची राहिली असतील ती तुम्हाला तिथे मिळतील."

लॉरेन्स खिडकीबाहेर बघत होता. डॉटनं टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट मारला. बाहेर पडताना म्हणाली, "अगं, त्यानं स्वतः उचलून फेकली का? तेव्हा त्याचा आजासुद्धा जन्मला नव्हता."

"फर्न तो फर्नच."

"हो का? गावच्या हॉलमधे त्यानं नाचायला बोलावलं होतं तेव्हा बरी उठली होतीस."

"मी सतरा वर्षांची होते."

"आणि तुझे बाबा दारात उभे दिसल्यावर खाली बसलीस. माहितीय मला, माझीच लिंबू सरबताची बाटली उपडी केलीस तू बसताना."

काहीच्या काही लक्षात ठेवते ही बाई. घरी आले, रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. भाजी करपली.

मंगळवार, १३ ऑगस्ट

आजचं कसं लिहावं कळत नाही. झालं तसं लिहिते.

ह्यू दोन खणणारे घेऊन आला. इमोजेनबाईंनी आधी प्रार्थना म्हटली. फटीच्या बरोबर खाली, भिंतीलगत, जपून खणायला सुरुवात झाली. मी बाजूला हाताची घडी घालून उभी. लॉरेन्स पलीकडे, टोपी हातात. आमच्यामधे खड्डा.

गुडघाभर खाली गेल्यावर ह्यूनं हात वर केला, स्वतः खाली उतरला आणि ब्रशनं माती झाडायला लागला. मग मला म्हणाला, "फ्रीडाबाई, जरा वाकून बघता का?"

भिंतीखाली पाया नव्हताच. कमान होती. जमिनीखाली, कोणाला कधी दिसणार नाही अशा जागी, नीट घडवलेल्या दगडांची कमान. दोन बाजूंना दोन पाये घेतलेले, आणि मधला सगळा भाग वरच्यावर उचललेला. कमानीखालची माती आजवर कोणी हलवलेली नाही, असं ह्यू म्हणाला, तिचे थर त्यानं बोटानं दाखवले. आणि त्या मातीत एक छोटा दगड उभा होता, थडग्याच्या पायथ्याला लावतात तसला. त्यावर दोन अक्षरं. ए. जी.

अ‍ॅन ग्रॅटन. एबलची बायको. पाटीत भरून ओढ्यात फेकलेली अ‍ॅन ग्रॅटन जिथल्या तिथे होती. तिचा दगडसुद्धा कलला नव्हता.

ह्यू सांगत होता, "सरळ पाया खणला असता तर भिंत आणखी पाचशे वर्षं हलली नसती. पण तसं केलं तर थडगी उखडली असती, म्हणून त्यांनी वरून कमान टाकली. उत्तरेची जमीन ओली, एका बाजूचा पाया दबला, त्यामुळे वर फट पडली. काम महागाचं आहे. मालकाच्या मर्जीशिवाय कुठलाही गवंडी हे करणार नाही."

म्हणजे भिंत आमच्यामुळेच खचतेय. आमच्या माणसांना धक्का लावला नाही म्हणून.

मी लॉरेन्सला विचारलं, सगळ्यांसमोर, आवाज जरा चढलाच माझा. "तुला माहीत होतं?"

"भिंत तिथे अधांतरी आहे एवढं माहीत होतं. बाबा म्हणायचे, त्या जागी जड काही टेकवू नकोस. का, ते त्यांनाही माहीत नसावं. मला वाटायचं, तसं असेल कदाचित. नक्की माहीत नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाशी, तुझ्याशी? तू मला नमस्कारसुद्धा दाताळ्याच्या अंतरावरून करतेस."

कोणी हसलं नाही. मी घरी आले. जेवले नाही.

गुरुवार, १५ ऑगस्ट

चिडायला कोणी उरलेलं नाही. इतकी सवय होती त्या रागाची की सकाळी उठून आधी तोच चाचपते. आणि तो तिथे नाही.

जोसाया फर्नचा विचार करते. चारचौघांत ओरडला असेल, बांधतो म्हणावं ग्रॅटनांच्या डोक्यावर. संपवाल्यांसमोर मऊ दिसायची सोय नव्हती. आणि मग गवंड्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं असेल की कमान टाक, आणि वर माती ओढ. का नाही बोलला? एक शब्द बोलला असता तर आमचे आजोबा जेवताना सुखानं जेवले असते. खरंच राग येतो असल्या माणसांचा, जे चांगलं करतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत.

दुपारी ओवरीत जाऊन बसले. लॉरेन्सच्या बाकावर, कोणी नव्हतं म्हणून. तिथून खांबांमधून थेट माझा बाक दिसतो. दुसरं काहीच दिसत नाही, वेदीसुद्धा नाही. जागा वाईटच आहे.

गुरुवार, २२ ऑगस्ट

सभा झाली. मी राखायच्या बाजूनं हात वर केला. तो माझा उजवा हात होता, मी स्वतः पाहिला. बाकीचे पाडायचं ठरवूनच आले होते, कारण वॉर्डनबाईंना तेच हवं आहे असं त्यांना वाटत होतं. मग एकेकानं इकडेतिकडे बघत हात बदलला. ओवरी राहणार. लगेच टेकू लावायचे आणि पुढच्या वर्षी धिरा बांधायचा.

लॉरेन्स दारात म्हणाला, "आभार, फ्रीडा."

"तुझ्यासाठी नाही केलं. खाली आमची माणसं आहेत."

"ते कळलं मला. तरी."

मग इमोजेनबाईंनी जी शंका काढली ती मला सुचायला हवी होती. टेकू लाकडी, जाडजूड, भिंतीपासून पार लांबवर पाय रोवलेले. त्यांच्याभोवती जाळी लागणार, आत कोणी जायचं नाही. म्हणजे सणाला वर्तुळ जाळीबाहेरून काढावं लागणार. आखडायचं सोडून आणखी फुगणार. आणि हे मी माझ्या हातानं केलं.

बुधवार, २८ ऑगस्ट

टेकू लागले. नारिंगी जाळी पण लागली, तिच्यावर ह्यूची पाटी: आत प्रवेश नाही. खड्डा बुजवलाय, वर काळी माती. मी चर्चभोवती हात पसरून फिरले, पावलापावलाला एक माणूस धरून. पोर्चपाशी संशय आला, वेदीच्या मागे खात्री पटली. माणसं पुरणार नाहीत. डॉट म्हणाली, मधे शाली धरू, कुत्र्यांचे पट्टे धरू. मी म्हटलं, हात म्हणजे हात.

"मग दाताळं काय आहे?" डॉट म्हणाली. "आणि एक सांगू, यंदा त्या दाताळ्याचा फायदाच आहे, एका माणसाची तरी जागा भरतं."

ते ऐकलं, आणि तरीही घरी येताना मी चर्चच्या शेडमधून दाताळं काढून आणलं. मागच्या अंगणात दांडा पायाखाली मोडला आणि शेगडीत घातला. का, ते नीट सांगता येणार नाही. कमान बघितल्यावर ती वस्तू पुन्हा हातात धरणं मला जमलं नसतं. धूर बराच झाला, वार्निशाचा. चामड्याची पट्टी आधी सोडवली. ती बटणांच्या डब्यात ठेवलीय. तिचं काय करायचं कोण जाणे.

शेगडी विझायच्या आत वाटलं, बाई, काय केलंस.

शनिवार, ३१ ऑगस्ट

नुसती येरझार. केक भाजला, मधे बसला. दुसरा भाजला. फोन करून करून लोकांना हैराण केलं. ह्यू बायकामुलांना घेऊन येतोय. शेजारच्या गावातल्या ओळखीच्यांना सांगितलं, त्यांच्याकडे त्याच दिवशी जत्रा आहे म्हणे.

लॉरेन्सला सांगायला हवं की दाताळं नाही. दोनदा फाटकापर्यंत गेले. दुसऱ्यांदा तो खिडकीत दिसला, मग मी त्याच्या गुलाबाकडे बघितल्यासारखं केलं आणि परत आले. त्याचे गुलाब काही बघण्यासारखे नाहीत.

रविवार, १ सप्टेंबर

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

ऊन होतं. बँडवाले आले, तेही बाजे खाली ठेवून वर्तुळात. पायवाटेवरचे पाच-सहा जण आले, स्वतःहून, सँडविचं आधी संपवून. पोर्चपासून दोन्ही बाजूंना माणसं हात धरत निघाली. मनोऱ्याला वळसा पडला, पलीकडे वेदीलाही पडला. उत्तरेला पहिल्यापासून मी उभी होते, उजव्या हातात डॉटचा हात. समोरून रांग वाढत वाढत आली आणि तिच्या टोकाला लॉरेन्स. हिरव्या रफूचा स्वेटर, उन्हात. मधे उभं करायला त्याच्या बाजूला आणखी कोणी उरलं नव्हतं. माझ्या बाजूलाही नाही.

मधे जाळीची सगळी लांबी मोकळी. दाताळं असतं तरी पुरलं नसतं, तीन दाताळी लागली असती.

"ताणा," डॉट मागे वळून ओरडली. सगळे ताणले. काही उपयोग नाही. पलीकडून कोणीतरी विचारत होतं, झालं का, झालं का. इमोजेनबाईंचा आवाज आला, "उत्तरेला काय अडलंय?"

लॉरेन्सनं जाळीवरून विचारलं, "दाताळं कुठंय?"

"जाळलं."

"अख्खं?"

"पट्टी ठेवलीय."

मी भिंतीकडे बघितलं. जाळीबाहेरून वळसा लांब होता, पण टेकूंच्या खालून, भिंतीला चिकटून गेलं तर वाट कितीतरी जवळची होती. थेट त्या काळ्या मातीवरून. ह्यूची पाटी माझ्या नाकासमोर होती आणि ह्यू स्वतः चर्चच्या पलीकडच्या बाजूला, त्याला इकडचं काही दिसत नव्हतं.

"फ्रीडा, नाही हं," डॉट म्हणाली. "ती भिंत डोक्यात येईल."

"दीडशे वर्षं आली नाही." मी पायानं जाळी दाबली आणि डॉटला ओढत आत शिरले. ती शिव्या देत आली, सणाच्या दिवशी, चर्चच्या भिंतीशी. पलीकडून लॉरेन्स वाकून टेकूखालून येत होता, त्याच्यामागे बँडचा जाडा ट्रॉम्बोनवाला अडकला होता, त्याला कोणीतरी मागून ढकललं. फट माझ्या डोक्यावर होती. तिच्यातून गार हवा येत होती. खाली माती मऊ होती, आणि तिच्याखाली कमान, आणि कमानीखाली अ‍ॅन.

लॉरेन्सनं हात पुढे केला. मी धरला.

कव पुरी झाली की पोर्चमधून पाद्री शेजाऱ्याचा हात दाबतात. तो दाब हातोहात सगळीकडे फिरतो आणि परत त्यांच्यापाशी पोचला की घंटा वाजते. फर्न-ग्रॅटनांच्या मधे दाब जात नसे, म्हणून आम्ही दांड्यावर बोटानं टकटक करायचो आणि तो पलीकडे समजून घ्यायचा. आज डॉटचा दाब आला. आणि मी तशीच उभी. टकटक करायला काही नव्हतं. त्याचा हात खरखरीत होता, आणि गरम, आणि मला काही केल्या सुचेना.

सगळा गाव घंटेची वाट बघत होता. घंटा वाजत नव्हती.

"अगं, पुढे दे," डॉट दातओठ खाऊन म्हणाली.

दिला. तो पुढे गेला, ट्रॉम्बोनवाल्याकडून, वेदीमागून, ह्यूच्या मुलांमधून, पोर्चकडे. बुटक्या मनोऱ्यातून घंटा वाजली. लोक ओरडले, गाणं सुरू झालं. मला रडू आलं, ते लिहून ठेवते, डॉट सांगेलच सगळीकडे.

ह्यू नंतर खूप रागावला. ते त्याचं बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र राहून राहून डोक्यात येतेय. घंटा वाजून गेल्यावर, गाणं चालू असताना, डाव्या हाताला पुन्हा एक दाब आला. लॉरेन्सकडून, उलट्या दिशेनं. तसा कधी येत नाही. त्याची काहीतरी चूक झाली असणार, इतक्या वर्षांत त्यालाही हातांची सवय नाही.

तो मी डॉटकडे पुढे दिला नाही.